भाताच्या जुन्या वाणातून निवड: रानाचा गुण किती, बियाण्याचा किती?

सुगीच्या तोंडावर शिवारात फिरायचं, भरघोस लोंब्यांचे ठोंब हेरायचे, त्यांचं बी वेगळं बांधून ठेवायचं. खानापूर-बेळगाव पट्ट्यात ज्यांनी घरचं जुनं भात अजून राखलंय ते बहुतेक असंच करतात. पुढच्या वर्षी ते बी पेरलं की पीक मात्र आधीसारखंच येतं आणि खापर पावसावर फुटतं. खरं कारण असं की निवडलेला ठोंब बांधाकडेचा होता, किंवा उन्हाळ्यात शेणखताचा ढीग टाकला होता त्या जागेवरचा. शेणखत काही बियाण्यातून पुढे जात नाही.

उंची, फुटवे, लोंबीतले दाणे, उतारा या गुणांत दिसणाऱ्या फरकाचा काही भाग जनुकांचा असतो आणि काही रानाचा. यातला जनुकांचा भाग किती हे दोन गुंठे रान, वजनकाटा आणि कॉम्प्युटरवरची एक्सेल एवढ्या सामग्रीवर काढता येतं. तो न काढता केलेली निवड म्हणजे नशिबाचा खेळ. इथे दिलेली रीत स्वपरागी (स्वतःच्याच परागाने दाणा धरणाऱ्या) पिकांची आहे, म्हणजे भात, सोयाबीन, निपाणीकडची तंबाखू यांची. मक्याला ती जशीच्या तशी चालत नाही, कारण तिथे शेजारच्या रानाचा पराग येतो. उसाचं वेगळंच. कांडी लावली की आख्खा जनुकसंच जसाच्या तसा पुढे जातो.

गुण एक, जनुकं अनेक

स्वीडनच्या निल्सन-एहले यांनी १९०९ मध्ये गव्हाच्या दाण्याच्या रंगावरून हे दाखवलं. एका जनुकाचा फरक असेल तर संकराच्या दुसऱ्या पिढीत लाल आणि पांढरे दाणे ३:१ पडतात. दोन जनुकं असतील तर १५:१, तीन असतील तर ६३:१. लालातही छटा असतात. तीन जनुकं सारख्याच ताकदीची धरली तर पांढऱ्यासकट सात पायऱ्या होतात. त्यात ऊन, पाणी, खत यांनी थोडाथोडा फरक घातला की पायऱ्या पुसल्या जातात आणि सलग चढ दिसू लागतो. उंचीच्या किंवा उताऱ्याच्या आकड्यांत ‘उंच’ आणि ‘बुटका’ असे सरळ दोन ढीग पडत नाहीत ते यामुळेच. मेंडेलचे नियम आणि असे सलग गुण एकमेकांशी जुळतात हे गणिताने मांडलं संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी, १९१८ मध्ये.

तरी सगळी जनुकं सारख्या वजनाची नसतात. भातात एसडी-१ हे पहिल्या गुणसूत्रावरचं एकच जनुक बिघडलं की जिबरेलिन हे रोप वाढवणारं संप्रेरक कमी तयार होतं आणि रोप बुटकं राहतं. १९६६ च्या आयआर-८ या भातवाणाचा बुटकेपणा तोच. आपल्याकडे सगळीकडे दिसणारी इंद्रायणी आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून आली. तिसऱ्या गुणसूत्रावरचं जीएस-३ दाण्याची लांबी ठरवण्यात मोठा वाटा उचलतं. सातव्यावरचं जीएचडी-७ तर फुलोऱ्याचा काळ, उंची आणि लोंबीतले दाणे तिन्ही एकदम हलवतं. उशिरा पिकणारं भात उंच आणि भरघोस का असतं याचं एक कारण हे. लवकर पिकणारं निवडा म्हटलं की दाणे हातचे जातात ते काही दर वेळी रानाच्या दोषाने नाही.

उताऱ्याला मात्र असं एखादं जनुक धरून भागत नाही. तिथे थोडाथोडा वाटा असलेली अनेक जनुकं असतात आणि त्या प्रत्येकाचा वाटा रानाच्या गोंगाटात बुडून जातो.

आधी पाहा, निवडीला वाव आहे का

डेन्मार्कच्या योहानसन यांनी १९०३ मध्ये घेवड्याच्या शुद्ध ओळींवर (एकेका रोपापासून वाढवलेल्या, आत जनुकांचा फरक नसलेल्या वंशांवर) केलेलं काम इथे कामाला येतं. एका शुद्ध ओळीतले मोठे दाणे आणि बारीक दाणे वेगवेगळे पेरले, तरी पुढच्या पिढीत दाण्याची सरासरी तीच आली. ओळीच्या आत दिसणारा फरक सगळा परिस्थितीचा होता. तेव्हा प्रमाणित बियाण्याच्या इंद्रायणीतून ‘चांगले’ ठोंब काढून नवं वाण मिळेल ही आशा सोडून द्या. तिथे निवड करायची ती फक्त भेसळ काढायला.

वाव असतो तो पिढ्यान्‌पिढ्या घरात राखलेल्या जुन्या भातात. पारखायची सोपी खूण म्हणजे फुलोरा. एकाच वाफ्यात पहिली लोंबी निसवल्यापासून शेवटची निसवेपर्यंत दोन आठवड्यांहून जास्त अंतर असेल, शिवाय कूस, टरफलाचा रंग, दाण्याची जाडी यांत फरक दिसत असेल, तर आत बऱ्याच ओळी मिसळलेल्या आहेत. भातात परपराग सहसा एक टक्क्याच्या आत असतो. त्यामुळे अशा मिसळीतला प्रत्येक ठोंब जवळपास शुद्ध ओळच असतो आणि त्याचं बी त्याच्यासारखंच उतरतं.

पहिलं वर्ष: चौकोन पाडून निवड

दहा गुंठ्यांचा, शक्यतो एकसारखा तुकडा घ्या. चारी बाजूंनी पाच फुटांची पट्टी सोडून द्या. तिथे ऊन-वारा जास्त मिळतो आणि ठोंब फसवतात. आतल्या भागाचे सुतळीने २० चौकोन पाडा. आता तुलना करायची ती त्या त्या चौकोनाच्या आतच. सखल कोपऱ्यातला ठोंब माळवटीवरच्या ठोंबाशी लढवायचा नाही. ही युक्ती पीक-पैदासकार गार्डनर यांनी १९६१ मध्ये मक्यासाठी मांडली, पण भातालाही तितकीच लागू पडते.

प्रत्येक चौकोनातून फुलोऱ्याच्या वेळी तीन ठोंब रंगीत दोऱ्याने बांधा. पिकल्यावर पुन्हा पाहा आणि करपा लागलेले, लोळलेले वगळा. धूळवाफ पेरणीचं, कुरीने पेरलेलं रान असेल तर एक काळजी घ्या. ओळीत रोपं एकमेकांत गुंतलेली असतात आणि दोन रोपं मिळून एक गबदूल ठोंब दिसतो. मुळासकट उपटून एकच रोप आहे याची खात्री करा.

शेवटी घरी दाणा पाहून १५ ठोंब ठेवा. त्यांत आणखी पाच ठोंब घाला, पण हे पाच चिठ्ठ्या टाकून, कुठलीही निवड न करता घेतलेले असू द्या. लोक हे पाच हमखास टाळतात, आणि तिथेच चुकतात. पुढच्या वर्षी हे पाच तुमच्या निवडलेल्या पंधरांच्या बरोबरीने उतरले, तर त्या गुणात तुमचा डोळा जनुक पाहत नव्हता, जागा पाहत होता.

प्रत्येक ठोंबाचं बी वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. साधारण आठ लोंब्या, प्रत्येकी सव्वाशे दाणे धरले तर हजारभर दाणे, म्हणजे वीस-बावीस ग्रॅम मिळतात. पुढच्या वर्षीच्या चाचणीला यातले अडीचशे पुरतात. उरलेले डब्यात बंद.

दुसरं वर्ष: दोन गुंठ्यांची मांडणी

२० ठोंबांच्या बियाण्याच्या २० ओळी, शिवाय तुलनेला दोन: मूळ मिसळीचं बी आणि इंद्रायणी. असे २२ वाफे एका गटात आणि असे तीन गट. एकूण ६६ वाफे. प्रत्येक वाफा १ मीटर × १.५ मीटर. त्यात २० सेंटिमीटरवर पाच रांगा, प्रत्येक रांगेत १५ सेंटिमीटरवर दहा रोपं. दोन वाफ्यांत ४० सेंटिमीटर जागा सोडली तर सगळं पावणेदोन गुंठ्यांत बसतं. भोवती इंद्रायणीच्या दोन रांगा लावल्या की दोन गुंठे भरतात.

गट कसे पाडायचे यावर सगळं अवलंबून आहे. पाणी जिथून शिरतं त्या बाजूला गाळ आणि खत जास्त साचतं, जिथून निघतं तिथे कमी. म्हणून पहिला गट शिरण्याच्या बाजूला, दुसरा मध्ये, तिसरा निघण्याच्या बाजूला. प्रत्येक गटाच्या आत जमीन जितकी सारखी तितकं चांगलं. गट उताराच्या दिशेने उभे पाडले तर एकाच गटात चांगली आणि वाईट दोन्ही जमीन येते आणि गट पाडण्याचा उपयोग शून्य. बळ्ळारी नाल्याकाठच्या रानात तर ही चाचणी घेऊच नका. एकदा पाणी चढलं की खालचा गट आठवडाभर बुडून राहतो आणि मग तुम्ही उतारा नव्हे, बुडणं सोसण्याची ताकद मोजत बसता. ती सब-१ए नावाच्या वेगळ्याच जनुकाची भानगड आहे.

कुठल्या वाफ्यात कोणती ओळ हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि प्रत्येक गटाला नव्याने. ‘सोपं जावं म्हणून’ तिन्ही गटांत १ ते २२ असा ओळीने क्रम लावला, तर ७ नंबरच्या शेजारी कायम ८ नंबरच येतो. ८ उंच असेल तर ७ तिन्ही ठिकाणी सावलीत राहतो आणि नापास होतो.

तरव्यात प्रत्येक ओळीची वेगळी पट्टी पाडा. प्लॅस्टिकच्या पाटीवर शिसपेन्सिलीने नंबर लिहा, कारण पेनची शाई मृगातच धुऊन जाते. रोपलागण २१ ते २५ दिवसांच्या रोपांची, सगळ्या वाफ्यांची एकाच दिवशी. तेवढं उरकत नसेल तर निदान एक गट एका दिवसात पुरा करा. आणि एका जागी एकच रोप. बायका सवयीने तीन-चार रोपं चिमटीत धरून लावतात. त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर फुटव्यांचा आकडा एका रोपाचा की चार रोपांचा हे कळायला मार्ग उरत नाही. मेलेली रोपं आठ दिवसांत त्याच ओळीच्या शिल्लक तरव्यातून भरा.

खत हात राखून द्या. जुनी उंच भातं जास्त युरियाने लोळतात आणि लोळलेल्या वाफ्याचे आकडे निरुपयोगी. दोन गुंठ्यांना युरिया सव्वादोन किलो, सिंगल सुपर फॉस्फेट तीन किलो, म्युरेट ऑफ पोटॅश पाऊण-एक किलो. युरिया तीन हप्त्यांत. प्रत्येक हप्ता तोलून आधी तीन समान भाग करा आणि एक भाग एका गटाला. भांगलणसुद्धा एक गट अर्धा सोडून दुसऱ्या दिवशी करू नका.

काय मोजायचं आणि कुठून

वाफ्याच्या कडेच्या रांगा आणि टोकाची रोपं सोडून द्या. आतल्या तीन रांगा, प्रत्येकीत आठ रोपं, म्हणजे २४ ठोंब, ०.७२ चौरस मीटर. शेजारी मोकळी जागा पडलेला ठोंब जादा पसरतो. तो उंची-फुटव्यांच्या मोजणीत धरू नका.

फुलोरा: वाफ्यातल्या निम्म्या ठोंबांच्या लोंब्या बाहेर पडल्याची तारीख. उंची: जमिनीपासून सगळ्यात उंच लोंबीच्या टोकापर्यंत, कूस सोडून, दहा ठोंबांची. फुटवे: फक्त लोंबी धरलेले. दाणे: पाच ठोंबांची प्रत्येकी मुख्य लोंबी, भरलेले आणि पळींज वेगवेगळे मोजून. शिवाय हजार दाण्यांचं वजन आणि २४ ठोंबांचा एकूण उतारा.

सगळ्या ओळी एकाच दिवशी कापायच्या नाहीत. ज्याचं पिकलं त्याचं कापा. लवकर पिकणाऱ्या वाफ्यांवर चिमण्या तुटून पडतात, कारण त्या वेळी आजूबाजूला दुसरं पिकलेलं काहीच नसतं. त्यामुळे लवकरच्या ओळी विनाकारण कमी उताऱ्याच्या दिसतात. जाळी टाकाच.

उताऱ्याचं वजन ओलाव्याप्रमाणे दुरुस्त केल्याशिवाय लिहू नका. वजन गुणिले (१०० वजा ओलावा) भागिले ८६ केलं की १४ टक्के ओलाव्याचं वजन मिळतं. २९० ग्रॅम भात १९ टक्के ओलाव्याचं असेल तर ते २७३ ग्रॅम धरायचं. हा फरक दोन ओळींतल्या खऱ्या फरकाएवढा असू शकतो.

हिशेब

एक्सेलमध्ये प्रत्येक गुणाचा वेगळा तक्ता करा. आडव्या रांगा २० ओळींच्या, उभे रकाने तीन गटांचे. मूळ मिसळ आणि इंद्रायणी या हिशेबात नकोत. डेटा ॲनालिसिसमधलं ‘ॲनोव्हा: टू-फॅक्टर विदाउट रेप्लिकेशन’ निवडा. नाव फसवं आहे, पण गटवार मांडणीला तेच लागतं. उत्तरात ‘रोज’ (Rows, आडव्या रांगा) समोरचा मीन स्क्वेअर हा ओळींचा आणि ‘एरर’समोरचा रानाच्या गोंगाटाचा.

समजा उंचीत ओळींचा आकडा ३९० आणि एररचा ३० आला (हे आकडे रीत समजावण्यापुरते). जनुकांचा फरक = (३९० − ३०) ÷ ३ = १२०. तीन गटांच्या सरासरीवरची अनुवंशिकता = १२० ÷ (१२० + ३०÷३) = ०.९२. म्हणजे सरासरी उंचीत दिसणाऱ्या फरकाचा ९२ टक्के भाग ओळीचा. उंचीची निवड डोळे मिटून करा.

उताऱ्यात ओळींचा १८०० आणि एररचा ९०० आला तर जनुकांचा फरक ३००, अनुवंशिकता ३०० ÷ (३०० + ३००) = ०.५०. एकाच वाफ्यावर विसंबलात तर ३०० ÷ १२०० = ०.२५. आणि शिवारातला एकटा ठोंब तर त्याहूनही खाली. सुगीत नुसत्या डोळ्याने केलेली उताऱ्याची निवड का फसते ते या आकड्यात आहे.

पुढच्या पिढीत काय मिळेल तेही इथेच निघतं. सगळ्यांची सरासरी २७० ग्रॅम, वरच्या चार ओळींची ३०३. फरक ३३. त्याला ०.५० ने गुणा: १६.५ ग्रॅम, म्हणजे सहा टक्के. ३३ ग्रॅम मिळतील असं समजून वाण गावात वाटलं की पुढे तोंड लपवायची पाळी येते.

रानाचा गोंगाट सरासरीच्या किती टक्के आहे तेही काढा: एररच्या मीन स्क्वेअरचं वर्गमूळ भागिले सरासरी, गुणिले शंभर. इथे ३० ÷ २७० म्हणजे ११ टक्के. उताऱ्याचा हा आकडा २० च्या वर गेला तर रांगेत कोण पहिलं आलं याला फारसा अर्थ नाही. आधी गट नीट पाडा.

उताऱ्याऐवजी फुटवे मोजून निवडावं असं अनेकांना वाटतं. फुटवे वाढले की लोंबी आखूड होते, दाणे कमी भरतात. रोपाकडचा अन्नसाठा तेवढाच असतो. एका घटकामागे धावण्यापेक्षा दोन-तीन एकत्र पाहा.

दुसऱ्या रानाशिवाय निकाल नाही

अनुवंशिकता ही काही गुणाला चिकटलेली कायमची संख्या नाही. ती त्या ओळींची, त्या रानाची, त्या सालाची. वर उताऱ्यात मिळालेल्या जनुकांच्या ३०० मध्ये ‘या रानातच चांगलं’ असणारा भागही लपलेला असतो. समजा त्यातला १२० तसा आणि १८० खरा. मग एका रानावरची खरी अनुवंशिकता १८० ÷ (१८० + १२० + ३००) = ०.३०. दाखवत होती ०.५०!

आणखी तीन गट त्याच रानात घालावेत की दुसरं रान घ्यावं? सहा गट एका रानात: १८० ÷ (१८० + १२० + १५०) = ०.४०. तीन-तीन गट दोन रानांत: १८० ÷ (१८० + ६० + १५०) = ०.४६. मेहनत तेवढीच, पण दोन रानं सरस. एक खानापूरकडचं, धुवाधार पावसाचं, रोपलागणीचं. दुसरं बेळगावच्या पूर्वेकडचं, कुरीच्या पेरणीचं. दोन्हीकडे पहिल्या सात-आठांत येणाऱ्या ओळीच पुढे न्या.

जुनी भातं बहुधा दिवसाच्या लांबीवर निसवतात. वळीवानंतर मे अखेरीला पेरलेली आणि जुलैत लावलेली एकच ओळ जवळपास एकाच सुमाराला फुलते. म्हणून दोन रानांची तुलना करताना पेरणीपासूनचे दिवस नव्हे, फुलोऱ्याची तारीख लिहा.

वासाला ही सगळी यातायात नको

वडगाव-शहापूर शिवारातल्या बासमतीचं नाव ज्या वासामुळे झालं, तो भाताचा वास प्रामुख्याने एका जनुकाचा खेळ. आठव्या गुणसूत्रावरचं बीएडीएच-२ बंद पडलं की २-ॲसिटिल-१-पायरोलीन हे वासाचं द्रव्य साचतं आणि भात घमघमतं. गुण अप्रभावी आहे, म्हणून संकराच्या दुसऱ्या पिढीत साधारण चौथा हिस्साच वासाचा निघतो.

तपासणी पानावरच होते. दोन ग्रॅम पान कातरून काचेच्या झाकणबंद थाळीत घाला, १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण (१०० मिलिलिटर पाण्यात १.७ ग्रॅम) १० मिलिलिटर ओता, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग उघडून वास घ्या. द्रावण कातडी जाळतं, हातमोजे घाला. दर खेपेला वासाचं आणि बिनवासाचं असं एकेक माहितीचं पान सोबत ठेवा. नाक लवकर थकतं, म्हणून दोघा-तिघांनी, नंबर न सांगता वास घ्यावा. वास कमी-जास्त होणं मात्र दाणा भरतानाच्या हवेवरही आहे. थंडी असेल तर वास टिकतो. तेव्हा उष्ण सालात वास फिका पडला म्हणून ओळ टाकून देऊ नका.

जनुकांची जागा शोधायची असेल तर

हे काम प्रयोगशाळेची सोबत असलेल्या विद्यार्थ्यांचं. दोन टोकांच्या ओळींचा संकर करा आणि दुसऱ्या पिढीपासून प्रत्येक रोपाचा एकच दाणा पुढे नेत सातव्या पिढीपर्यंत जा. दर पिढीला मिश्रपणा निम्मा होतो: दुसरीत ५० टक्के, सहावीत ३.१, सातवीत १.६. अशा निदान दीडशे-दोनशे ओळी हव्यात. त्यांचे मार्कर (डीएनएवरच्या ओळखीच्या खुणा) वाचा, आणि चाचणी वर सांगितल्याप्रमाणेच, गट पाडून, दोन रानांत. मार्करवर लाख रुपये घालायचे आणि रानात एकच गट लावायचा, हा उलटा कारभार फार दिसतो. मोजमाप कच्चं असेल तर मार्कर कितीही दाट असले तरी हाती काही लागत नाही.

कुठली जागा खरी मानायची याचा उंबरठा एक हजार वेळा आकडे पिसून (कुठल्याही ओळीला कुठलाही आकडा लावून) ठरवा. ओळी शंभराच्या आत असतील तर सापडलेल्या जागांचा वाटा फुगून दिसतो. बीव्हिस यांनी १९९४ मध्ये हे दाखवून दिलं. तीन जागा मिळून निम्मा उतारा समजावतात असा निकाल आला की आधी ओळी मोजा. आणि सापडलेली जागा म्हणजे जनुक नव्हे. त्या पट्ट्यात शेकडो जनुकं असू शकतात.

बी ठेवताना

निवडलेल्या चार ओळींचं बी सावलीत, मग कोवळ्या उन्हात वाळवून १२ टक्के ओलाव्यावर आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. उरलेल्या सोळा ओळींचंही निदान पन्नास-पन्नास ग्रॅम जपा. दुसऱ्या रानात क्रम उलटला तर त्यांच्याकडेच परत यावं लागतं. डब्यावर ओळीचा नंबर, साल, रान आणि मूळ चौकोन लिहा आणि तीच चिठ्ठी पेन्सिलीने लिहून आतही टाका. बाहेरच्या चिठ्ठ्या झुरळं खातात.